गाडी पेट्रोल का पिते?

कोजागिरीला दोन दिवस होते. दुपारचे जेवण आटोपून मी जरा आडवा होण्याच्या बेतात होतो, तोच धाकटी बहीण लिंबायतहून रिक्षा करून आली. एरवी ती बसने येते. रिक्षावाल्याला पैसे देताना तिचा चेहरा पाहिला तेव्हाच समजलो, की काहीतरी घडले आहे. उंबरठ्यातच ती म्हणाली, "दादा, त्या मेल्याने माझ्या लेकाच्या गाडीचे वाटोळे केले. साडेसहा हजार मोजून घेतले, आणि आता ती गाडी पाण्यासारखे पेट्रोल पिते."

या सदरात आजवर सणवार, नातीगोती, मुलांची शिक्षणे, क्वचित आजारपण अशा विषयांवर मी लिहीत आलो. मोटारसायकलच्या इंजिनाविषयी लिहिण्याचा प्रसंग प्रथमच येत आहे. तथापि सुरतेत आपल्या मंडळींचे असे घर विरळाच, की ज्याच्या दारात दुचाकी उभी नाही. आणि माझे स्वतःचे उभे आयुष्य एका कापड गिरणीच्या यंत्रशाळेत गेलेले. तेव्हा वाचकांनी या वेळी तेलकट हातांचा लेख गोड मानून घ्यावा.

भाचा सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाई कारखान्यात कामाला आहे. लिंबायतहून उधना, तेथून नवसारीच्या रस्त्याने सचिन, आणि रात्री परत, असा रोजचा छत्तीस किलोमीटरचा फेरा. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर साडेनऊशे किलोमीटरच्या आत-बाहेर. गाडी लिटरला साठ किलोमीटर चालली, तर यासाठी साडेपंधरा लिटर पेट्रोल पुरते. तीच चाळीसवर आली, तर साडेतेवीस लिटर लागते. आठ लिटरचा हा फरक आजच्या भावाने साडेसातशे रुपयांच्या घरात जातो. ज्यांना ही रक्कम किरकोळ वाटेल त्यांनी बहिणीच्या घरचा हिशेब पाहावा. धाकट्या मुलीच्या शिकवणीची फी नेमकी तेवढीच आहे, आणि त्या महिन्यात ती भरायची राहिली होती. म्हणून बहीण रिक्षाने आली होती.

गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण भांडणाचे मूळ तिच्या पूर्वेतिहासात आहे. ही हीरो होंडा स्प्लेंडर मेहुण्यांनी २००४ साली हप्त्यांवर घेतली. तो या जातीच्या गाड्यांचा भर होता. १९८५ साली त्याच कंपनीची सीडी १०० आली, तोवर आपल्या लोकांना मोटारसायकल म्हणजे राजदूत, येझदी किंवा बुलेट एवढेच ठाऊक, आणि पेट्रोलचा खर्च म्हटला की लोक सायकलीकडे वळत. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी त्या गाडीची जाहिरात होती. सुरतेच्या हिशेबी माणसाला ती फारच मानवली. १९९४ साली स्प्लेंडर आली आणि पुढे रिंगरोडच्या कापड बाजारांपासून पांडेसऱ्याच्या कारखान्यांपर्यंत जिकडे तिकडे तीच दिसू लागली. त्या दोन कंपन्यांची भागीदारी २०१० साली मोडली आणि नावेही निराळी झाली; गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत.

२००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हा मेहुणे अडाजणला भाड्याने राहत होते. ही गाडी तीन दिवस पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर गल्लोगल्ली चिखलाने माखलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, आणि लोक घाईघाईने किका मारून आपल्याच इंजिनांची हानी करून घेत होते. मेहुण्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री लिंबायतला होते. मूळचे आपल्या खानदेशातलेच, ताप्ती व्हॅलीच्या गाडीने एक पत्र्याची पेटी घेऊन आलेले. त्यांनी निरोप पाठवला, की कुणीही किक मारू नका. स्वतः येऊन त्यांनी आधी खालचा बोल्ट सोडला. आतून निघाले ते ऑईल नव्हते, गढूळ दुधासारखे काहीतरी होते. डिझेलने दोनदा इंजिन धुतले, कार्ब्युरेटर सुटा करून साफ केला, प्लग बदलला आणि पाचव्या दिवशी गाडी सुरू करून दिली. मजुरीचे नाव काढले तर म्हणाले, "पुराचे पैसे घ्यायचे नसतात." ते मिस्त्री आता नाहीत, मेहुणेही २०२१ साली गेले. मिस्त्रींचे गॅरेज त्यांचा मुलगा चालवतो, आणि बहीण ज्याला मेला म्हणत होती तो हाच.

झाले असे होते. गेल्या वर्षभरात गाडी निळसर धूर सोडू लागली होती. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, की खालचे ऑईल वर चढते आणि वरचा दाब खाली निसटतो. मिस्त्रीच्या मुलाने हाफ इंजिनचे काम सांगितले. सिलिंडर लेथवर बोअर करून घेतला, नवा पिस्टन व रिंगा टाकल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, टायमिंग चेन बदलली, क्लचप्लेटी बदलल्या. धूर बंद झाला. आवाजही गोड झाला. पण दहा-बारा दिवसांतच भाच्याच्या ध्यानात आले, की शंभर रुपयांचे पेट्रोल पूर्वी दोन दिवस जात असे, ते आता एकाच दिवसात संपते. तो गॅरेजात गेला, सोबत माझी बहीणही गेली. तेथे चार गिऱ्हाइकांदेखत तिने मिस्त्रीच्या मुलाला चोर म्हटले. तोही तरुण रक्ताचा. "पटत नसेल तर दुसरीकडे दाखवा," असे बोलून गेला. बहीण आणि मिस्त्रीची आई या एकाच गल्लीतल्या, एकमेकींच्या हळदीकुंकवाला पंधरा वर्षे जाणाऱ्या. त्या दिवसापासून बोलणे बंद. गल्लीतल्या दोन घरांनी आपल्या गाड्या त्या गॅरेजातून काढल्याचेही कानावर आले.

आता आरोप कोणते, ते पाहू. पहिला आरोप असा, की याने चांगला कार्ब्युरेटर काढून जुना बसवला. दुसरा आरोप शेजारच्या एका जाणत्याने पुरवलेला: बोअर मोठा केला, म्हणून पेट्रोल जास्त लागते. तिसरे मत एका दुसऱ्या गॅरेजवाल्याचे. भाचा त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने गाडीला हात न लावताच कार्ब्युरेटर बदलावा लागेल, दोन हजार होतील, असे सांगितले. चौथे मत कारखान्यातल्या मित्रांचे, की हा सगळा नव्या पेट्रोलचा प्रताप आहे.

बोअरचा आरोप कागदावरच निकालात निघतो. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास पन्नास मिलिमीटर आणि पिस्टनची धाव साडेएकोणपन्नास मिलिमीटर. त्यावरून त्याचे आकारमान ९७.२ घनसेंटिमीटर येते. लेथवाल्याने अर्धा मिलिमीटर बोअर वाढवला, म्हणजे आकारमान ९९.१ झाले. अवघी दोन टक्के वाढ. दोन टक्क्यांच्या वाढीने पेट्रोल दीडपट लागत नाही. उलट झिजलेल्या सिलिंडरातून दाब निसटत होता तो आता थांबला, म्हणजे बचतच व्हायला हवी.

उरलेले आरोप कागदावर निकालात निघण्याजोगे नव्हते. मी बहिणीला म्हटले, "अगं, गाडी किती पिते हे आधी मोजू तरी. मग कोणाला काय म्हणायचे ते म्हण."

ती म्हणाली, "मोजायचे काय त्यात? आधी सत्तर देत होती, आता पस्तीस देते. पोरगा सांगतो ना."

या सत्तर आणि पस्तीस आकड्यांवर मी अडून बसलो. सुरतेत ज्याला आपण गाडीचा ॲव्हरेज म्हणतो, तो बहुतेक घरांत मोजलेला नसतो. कोणीतरी एकदा सांगितलेला असतो आणि पुढे तोच घराण्याचा ॲव्हरेज होऊन बसतो. शंभर रुपयांत किती दिवस गेले ही मोजमापाची रीत नव्हे, कारण दिवस सारखे नसतात. एखाद्या दिवशी भाचा रात्री स्टेशनवर कुणाला पोहोचवून येतो, एखाद्या दिवशी मेट्रोच्या कामासाठी वळवलेल्या रस्त्यांत अर्धा तास इंजिन नुसते धडधडत राहते. खरी रीत सोपी आहे, पण तिला चिकाटी लागते. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी, टाकी तोंडाच्या आतल्या पट्टीपर्यंत भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. मग नेहमीसारखी चार दिवस वापरावी, आणि त्याच पंपावर, त्याच जागी, त्याच पट्टीपर्यंत पुन्हा भरावी. या दुसऱ्या खेपेस जेवढे लिटर बसले तेवढेच चार दिवसांत खर्च झाले. किलोमीटरांना त्या लिटरांनी भागावे. 

पंपाच्या मापाविषयी बहिणीला शंका होती. प्रत्येक पेट्रोलपंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावे लागते आणि ग्राहकाने मागितले तर त्यातून मोजून दाखवावे लागते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. मी ते मागितले. पंपावरच्या मुलाने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले, पण माप काढले. पेट्रोल काट्यावर बरोबर आले. निदान त्या पंपाचा तरी यात दोष नव्हता.

चार दिवसांत गाडी १६२ किलोमीटर चालली आणि ३.७७ लिटर पेट्रोल बसले. म्हणजे त्रेचाळीस. पस्तीस नव्हे, पण समाधान मानावे असाही हा आकडा नव्हता.

मग प्रश्न उरला, पूर्वीचे सत्तर कुठून आले? याचे उत्तर आमच्या मेहुण्यांनीच देऊन ठेवले होते. कापड बाजारात एका पेढीवर त्यांनी हिशेबनीस म्हणून तीस वर्षे काढली, आणि तेथली सवय घरीही सोडली नाही. बहिणीने कपाटातून त्यांची डायरी काढून दिली. तारीख, लिटर, रुपये, किलोमीटर, असे चार रकाने. लाल शाईने आखलेले. २०१९ सालची पाने मी बेरजा करीत वाचली. वीस-बावीस नोंदींची सरासरी एकसष्ट निघाली. सत्तर एकदाही नव्हते. एका नोंदीपुढे "नवापूरला गेलो, ६६" असे लिहिले होते. सोनगडकडच्या मोकळ्या रस्त्यावर मिळालेला तो एकच सहासष्टचा आकडा घरात बहुधा सत्तर होऊन राहिला असावा. बहिणीने डायरी हातात घेऊन ती ओळ दोन-तीनदा वाचली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली.

येथे आणखी एक गोष्ट नजरेआड होत होती. मेहुणे गेल्यापासून चार वर्षांत कोणीच नोंद केलेली नव्हती. धूर सोडणारी झिजलेली गाडी दुरुस्तीच्या आधी एकसष्ट देत असेल हे संभवतच नाही. ती किती देत होती हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आपण तुलना करीत होतो ती २०१९ च्या धडधाकट गाडीशी. तरीही त्रेचाळीस कमीच होते, आणि त्याचे कारण शोधणे प्राप्त होते.

रविवारी सकाळी मी भाच्याच्या अंगणात बसलो. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवले. मोकळे चाक दोन-चार फेरे सहज घेते. हे अर्ध्या फेऱ्यातच थांबले. ब्रेक लागून राहिला होता. भाच्याला विचारले, तर तो ओशाळून म्हणाला, "मामा, क्लचप्लेटी नव्या टाकल्यावर गाडी फार उचल घ्यायची, म्हणून मीच मागचा ब्रेक जरा आवळला." जरा म्हणजे किती, ते ड्रमला हात लावल्यावर कळले, गल्लीतून एक चक्कर मारून येताच तो चांगलाच तापला होता. इंजिनाने पेट्रोल जाळून चाक फिरवावे आणि ब्रेकने तेच पेट्रोल उष्णतेच्या रूपाने उधळावे, असा हा कारभार चालला होता. नट सैल केला. चेन फार ताणलेली होती, तीही बेताची केली. दोन्ही टायरांत हवा कमी होती, ती भरली. हे काम पानापक्कडीचे आणि पंधरा मिनिटांचे. पुढल्या मोजणीत १७१ किलोमीटरला ३.६२ लिटर लागले. सत्तेचाळीस. मिस्त्रीचा यात काडीचा संबंध नव्हता.

पण सत्तेचाळीस आणि एकसष्ट यांत अजून बरेच अंतर होते. म्हणून प्लग काढला. प्लगच्या टोकाचा रंग वाचता आला, तर इंजिन पोटातले बरेच काही सांगून टाकते. विटकरी तपकिरी रंग असला तर जळण ठीक. पांढरटपणा आला तर हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. आमचा प्लग चुलीवरच्या तव्याच्या पाठीसारखा काळा निघाला. रोग कार्ब्युरेटरात होता, एवढे नक्की झाले. शेजाऱ्यांचा अर्धा आरोप खरा ठरला, असेही म्हणता आले असते.

कार्ब्युरेटरचे काम हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण राखण्याचे. वजनाने एक भाग पेट्रोल पुरते जळायला सुमारे पंधरा भाग हवा लागते. म्हणजे आपण पंपावर एक लिटर पेट्रोल घेतो तेव्हा त्याच्या जोडीला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा गाडी वाटेत स्वतःच घेत असते. तिचे पैसे पडत नाहीत म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. हे प्रमाण एका बारीक पितळी सुईवर आणि एक-दोन छिद्रांवर अवलंबून असते. १ एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषणाचे नियम लागू झाले, तेव्हा नव्या गाड्यांतून बहुतेक कार्ब्युरेटर गेला. त्याचे काम आता विजेवर चालणारा फवारा आणि एक छोटा संगणक करतो. जुन्या गाड्यांत मात्र अजून माणसाचा हात आणि कान लागतो.

कारखान्यातल्या मित्रांचा आक्षेपही येथेच तपासून घेतला. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून आणि धान्यापासून होते. बारडोली-मढीच्या पट्ट्यात ऊस तोडायला आपल्या खानदेशातून टोळ्या येतात, तेव्हा या बाबतीत आपण परके नाही. लिटरमागे इथेनॉलची शक्ती पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, हे खरे. परंतु नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच असा अंदाज आहे, की जुन्या धर्तीच्या दुचाकींचा ॲव्हरेज यामुळे तीन ते चार टक्के घटेल. एकसष्टचे चार टक्के म्हणजे अडीच किलोमीटर. चौदाचा हिशेब अडीचने पुरा होत नाही. शिवाय इथेनॉलच्या अंगी स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरात त्याने मिश्रण विरळ होते, प्लग काळा पडत नाही.

मग मी भाच्याला दुरुस्तीचे बिल मागितले. कोणकोणते भाग टाकले आहेत ते पाहावे, एवढाच हेतू. बिल बहिणीने देवघरातल्या डब्यात जपून ठेवले होते, भांडणात पुरावा म्हणून. पुढच्या बाजूला सामानाची यादी आणि बेरीज. सहज उलटून पाहिले, तर मागे पेन्सिलीने, घाईत लिहिलेल्या गुजराती अक्षरांत एक ओळ होती: पाचशे किलोमीटरला परत आणणे, ऑईल, टॅपेट, कार्ब.

ही ओळ वाचली आणि सारा उलगडा झाला. नव्या रिंगा आणि नुकताच बोअर केलेला सिलिंडर यांची आरंभी घासाघीस चालते. लेथवाला सिलिंडराच्या आत मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ठेवतो. त्यांचे उंचवटे झिजून रिंगा नीट टेकेपर्यंत इंजिन जड चालते आणि लवकर तापते. म्हणून पुष्कळ मिस्त्री या काळात कार्ब्युरेटर जरा पेट्रोलकडे झुकता ठेवतात, म्हणजे इंजिन थंड राहते. पाचशे किलोमीटर झाले, की झिजेचा कीस घेऊन फिरणारे ऑईल काढून टाकायचे, व्हॉल्व्ह आपल्या जागी बसल्यामुळे कमी झालेली टॅपेटची फट पुन्हा जुळवायची, आणि मिश्रण पूर्वस्थितीला आणायचे. भांडण झाले तेव्हा गाडी चारशेच्या घरात चालली होती. तिला ज्या गॅरेजात पुन्हा न्यायची होती, तेथेच न जाण्याची शपथ घेऊन आमची मंडळी बसली होती. आता तिचे अकराशे किलोमीटर झाले होते.

मिस्त्रीच्या मुलाचा यात दोष नाही, असे मी म्हणणार नाही. कार्ब्युरेटर मुद्दाम झुकता ठेवला आहे आणि पंधरा दिवस पेट्रोल जास्त लागेल, हे तोंडाने सांगायला किती वेळ लागला असता? त्याच्या वडिलांनी ते दोनदा सांगितले असते, आणि गिऱ्हाईक निघाले असता पाठीमागून हाक मारून तिसऱ्यांदा सांगितले असते. पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली ओळ म्हणजे सांगणे नव्हे. आणि "दुसरीकडे दाखवा" हे तर त्याने बोलायलाच नको होते. पण चोरी ही निराळी गोष्ट आहे.

संध्याकाळी भाच्याला घेऊन मी गॅरेजात गेलो. बहिणीला सोबत येण्याचा आग्रह केला नाही. मिस्त्रीच्या मुलाने आम्हांला पाहून मान खाली घातली आणि हातातले काम चालूच ठेवले. मी बिल उलटे करून त्याच्यापुढे धरले.

तो म्हणाला, "मामा, मी तं सांगेलच व्हतं." रागाच्या भरात आपली माणसे अहिराणीवर येतात, तसा तोही आला होता. मग त्याने मीटरकडे पाहिले, आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. "अकराशे? याच ऑईलवर?" असे म्हणत तो आधी खाली वाकला आणि बोल्ट सोडला. काळे ऑईल तसराळ्यात पडले, त्यात दिव्याच्या उजेडात बारीक चमक दिसत होती. तो बराच वेळ बोटांवर ते चोळून पाहत राहिला. त्याला आपल्या अपमानापेक्षा त्या इंजिनाची काळजी अधिक वाटत होती, हे मला त्या क्षणी दिसले. आणि त्याचे वडील आठवले.

पुढचे काम पाऊण तासाचे. टॅपेट घट्ट झाले होतेच. कार्ब्युरेटर उघडून त्याने सुईवरची क्लिप एक खाच वर घेतली, हवेचा स्क्रू कान लावून जुळवला, आणि नवा प्लग बसवला. सुटे भाग हातात घेऊन कंपनीची खूणही त्याने न मागता दाखवली. कार्ब्युरेटर मूळचाच होता. ऑईल आणि प्लगचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, "पाचशेची मजुरी आधीच्या बिलात धरलेली असते."

नंतरच्या मोजणीत गाडी १७६ किलोमीटर चालली, ३.०३ लिटर लागले. अठ्ठावन्न. पुढल्या महिन्यात एकदा एकोणसाठही आले. राहिलेले दोन-तीन किलोमीटर नव्या पेट्रोलच्या खाती मांडून मी तपास बंद केला.

बहिणीला मी सारे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "लिहायचे होते तर समोर लिहायचे ना, पाठीमागे कशाला?" मी वाद घातला नाही. मात्र मी तिला एवढे विचारले, की त्या दिवशी गॅरेजात जी चार माणसे होती, त्यांना आता कोण सांगणार? यावर ती गप्प राहिली. ज्या दोन घरांनी गाड्या काढल्या होत्या, त्यांपैकी एक घर भाच्याने स्वतः जाऊन सांगितल्यावर परत आले. दुसरे अजून आलेले नाही. त्या घरच्या माणसाला नव्या गॅरेजवाल्याने दोन हजारांचा कार्ब्युरेटर विकला, आणि आता तो चांगला आहे असे म्हणणे त्याला भाग आहे.

देवदिवाळीच्या सुमारास बहिणीने खापरावरचे मांडे केले. पहिली घडी डब्यात घालून तिने धाकट्या मुलीबरोबर मिस्त्रीच्या घरी पाठवली. स्वतः गेली नाही. तासाभराने मुलगी डबा घेऊन परत आली. त्यात शेंगदाण्याची चटणी होती, आणि झाकणाखाली घडी केलेला कागदाचा एक तुकडा. बहिणीला वाटले निरोप असेल. तो मिस्त्रीच्या मुलाने भाच्यासाठी लिहिला होता, या वेळी शाईने आणि ठळक अक्षरांत: दोन हजार किलोमीटरला ऑईल बदलणे.

भाच्याने तो मेहुण्यांच्या डायरीत, ज्या पानावर तो आता नोंदी करतो, त्या पानाला टाचून ठेवला आहे.